गुडघ्याला बाशिंग: नवा आमदार आणि ‘भावी मुख्यमंत्री’

एखादा उमेदवार पहिल्यांदाच निवडून आलेला असतो, मिरवणुकीचा गुलाल अजून धुतलेला नसतो, सभागृहात त्याचा एकही प्रश्न लागलेला नसतो, आणि तरीही हा माणूस राज्याच्या किंवा देशाच्या सर्वोच्च पदावर कधी बसणार याचे आडाखे बांधले जाऊ लागतात. लोकशाही राजकारणातला हा प्रकार नवा नाही आणि तो एका देशापुरताही नाही. अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे प्रत्येक घटकराज्यातून दोन याप्रमाणे शंभर सदस्य असलेल्या वरिष्ठ सभागृहावर, बराक ओबामा नोव्हेंबर २००४ मध्ये निवडून आले तेव्हा त्यांची शपथही व्हायची होती, पण २००८ ची अध्यक्षीय निवडणूक लढविणार काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे लगेच आला आणि त्यांनी तो लगेच फेटाळला. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण २४ ऑक्टोबर २०१९ चे आहे. त्या दिवशी आदित्य ठाकरे वरळीतून ६७,४२७ मतांच्या आधिक्याने विधानसभेवर निवडून आले. शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे यांच्या कुटुंबातील व्यक्तीने प्रत्यक्ष निवडणूक लढविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि निकालापाठोपाठ त्यांना भावी मुख्यमंत्री म्हणून मांडणारे फलक मुंबईत झळकले.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी भूमिका येथे दोन कल्पित व्यक्तींच्या मुखी घातल्या आहेत आणि त्यांचा संवाद रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद येथे घडतो असे मानले आहे. त्यांपैकी एक अलिबागच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. दुसऱ्या काशीदमध्येच घरगुती खानावळ आणि पर्यटकांसाठी चार खोल्या चालविणाऱ्या, एके काळी ग्रामपंचायतीत सदस्य राहिलेल्या ‘ताई’ आहेत. स्थळाची निवड अकारण नाही. काशीद ज्या जिल्ह्यात आहे त्याने राज्याला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्या रूपाने मुख्यमंत्री दिला, आणि जून २०२२ मध्ये मुख्यमंत्री कोण होणार हे ज्या आमदारांच्या हालचालींनी ठरले त्यांत काशीदच्या अलिबाग मतदारसंघाचे आमदारही होते.

सरांची मूळ भूमिका अशी की ही चर्चा केवळ अकाली नसून चुकीच्या पद्धतीतून उसनी घेतलेली आहे. ते म्हणतात, “ताई, ओबामांचे नाव चार वर्षे आधी घेतले गेले त्याला अर्थ होता, कारण तिथे उमेदवारच मुळी लोकांमधून वर येतो. तिथल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाच्या समर्थक मतदारांनीच ठरविण्याच्या फेरीत, आधीपासून झालेल्या बोलबाल्याचे पैसे होतात, कार्यकर्ते होतात आणि शेवटी मते होतात. ओबामांनी जानेवारी २००६ मध्ये सिनेटची सहा वर्षांची मुदत पुरी करू असे सांगितले आणि १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफिल्डमध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. मधल्या वर्षभरात जे बदलले त्यात या चर्चेचा वाटा मोठा होता. आपल्याकडे मुख्यमंत्री असा निवडला जात नाही. दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे पंचेचाळीस आमदार ज्याच्या मागे आहेत तो मुख्यमंत्री. मग वरळीतल्या चौकात कुणाचे नाव लागले याला काय किंमत?”

या युक्तिवादाचा पाया संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतील भेदावर उभा आहे. संसदीय पद्धतीत कार्यकारी प्रमुखाचे पद सभागृहातील बहुमतावर अवलंबून असते आणि ते बहुमत पक्षश्रेष्ठी, मित्रपक्ष व आमदार यांच्या वाटाघाटीतून तयार होते. मतदार त्यात एकदाच, मतदानाच्या दिवशी भाग घेतो. इतकेच काय, राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ (४) नुसार विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्तीही सहा महिने मंत्री, पर्यायाने मुख्यमंत्री, राहू शकते. मुलगा आदित्य आमदार होऊन महिना उलटला असताना २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती याच तरतुदीखाली, आणि विधान परिषदेवर ते बिनविरोध निवडून गेले ते मे २०२० मध्ये, मुदत संपत आली असताना. फलकांवर नाव एका ठाकऱ्यांचे होते आणि शपथ दुसऱ्या ठाकऱ्यांची झाली. त्याहूनही बोलका तपशील असा की निकालानंतर आठवडाभरातच, ३१ ऑक्टोबर रोजी, शिवसेनेच्या विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी एकनाथ शिंदे यांचे नाव आदित्य ठाकरे यांनीच सुचविले होते. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे: जून २०२२ मध्ये याच शिंदे यांनी पक्षाच्या आमदारांना घेऊन बंड केले आणि ते मुख्यमंत्री झाले.

ताईंचा आक्षेप नेमका या ‘पुढे काय झाले’वर आहे. त्यांच्या मते सरांनी रोगाचे वर्णन अचूक केले, पण दोष औषधाला दिला. “सर, लोकांनी नाव घ्यायचे नाही, कारण नाव घेण्याचा हक्क आमदारांचा; आणि आमदारांनी कुणाला नेता मानायचे ते मुंबईत, नाहीतर दिल्लीत ठरणार. मग लोकांच्या हाती उरले काय? २०१९ मध्ये अलिबाग, महाड आणि कर्जत या तीन मतदारसंघांतून शिवसेनेचे आमदार निवडून गेले. जून २०२२ मध्ये हे तिघेही शिंदे यांच्याबरोबर गेले. त्यांना मत देताना मुख्यमंत्री कोण हवा असे कुणी विचारले होते का? ते सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा काशीदच्या माणसाने ते टीव्हीवर पाहिले. त्यापेक्षा आधीपासून चार माणसे उघड बोलत असतील की आम्हाला अमका हवा, तर निदान पुढच्या वेळी विचारता येईल, बाबा रे, तेव्हा तू कुठे होतास?”

सर हे मान्य करीत नाहीत, कारण त्यांच्या मते उघड बोलणे आणि फलक लावणे या दोन वेगळ्या कृती आहेत. एखाद्या नाक्यावरील फलक जवळून पाहिला तर हा भेद ध्यानात येतो. सर्वांत वर पक्षाच्या दिवंगत किंवा ज्येष्ठ नेत्यांचे चेहरे एका ओळीत असतात. मधोमध ज्याच्या नावे फलक आहे त्याचे पूर्ण उंचीचे, हात जोडलेले किंवा चालत येणारे छायाचित्र असते. आणि खालच्या कडेला ‘शुभेच्छुक’ या शब्दानंतर गावोगावच्या कार्यकर्त्यांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे, ज्यांत कुणाचा चेहरा अर्धा इंच मोठा यावरून गावात आठवडाभर रुसवेफुगवे चालतात. वरचा मजकूर भविष्यातील मुख्यमंत्र्याबद्दल असला तरी खालची ओळ पुढच्या पंचायत समितीच्या तिकिटाबद्दल असते. सरांच्या शब्दांत, “ताई, हा फलक मतदाराला उद्देशून नाहीच. तो नेत्याला उद्देशून आहे, की पाहा, तुमचे नाव सर्वांत आधी कुणी घेतले.” सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे, पण निकालाच्या रात्री त्याची आठवण कुणाला होत नाही. काशीदच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात टपऱ्या बंद होतात तेव्हा असलेच जुने फलक उलटे करून टपरीच्या बाकड्यांवर आणि सरपणावर टाकलेले दिसतात. त्यांचा तो उपयोग मात्र निर्विवाद आहे.

येथवर सरांची बाजू वरचढ वाटते, आणि उदाहरणेही तिला साथ देतात. पहिल्याच खेपेचे आमदार भारतात मुख्यमंत्री होतच नाहीत असे नाही. होतात, पण ज्यांची चर्चा असते ते नव्हे. भूपेंद्र पटेल २०१७ मध्ये गुजरात विधानसभेवर प्रथम निवडून आले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्री झाले. भजनलाल शर्मा डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानात सांगानेरमधून प्रथमच आमदार झाले आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्रीही झाले. रेखा गुप्ता यांच्याबाबत दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच घडले. महाराष्ट्रातच पाहायचे तर अंतुले यांना सिमेंट प्रकरणी, म्हणजे ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांच्या बदल्यात सिमेंट वाटल्याच्या प्रकरणी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये पायउतार व्हावे लागले, तेव्हा त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले. १९८० मध्ये मुंबईच्या नेहरूनगरमधून निवडून आलेल्या भोसले यांचे नाव कुणाच्याही आडाख्यात नव्हते. चर्चा एका रुळावरून धावते आणि नियुक्ती दुसऱ्या, हा सरांचा निष्कर्ष या उदाहरणांतून सिद्ध होतो.

ताईंनी याच उदाहरणांचा उलटा अर्थ लावला, आणि संवादातील खरा पेच इथे आहे. त्यांच्या मते जिथे चर्चा नसते तिथे श्रेष्ठींची चिठ्ठी असते; भोसले यांची निवड दिल्लीहून झाली आणि वर्षभरातच, फेब्रुवारी १९८३ मध्ये, ते गेले, तेव्हाही कुणी लोकांना विचारले नाही. “चर्चेत नसलेला माणूस मुख्यमंत्री झाला की तो कुणाला बांधील असतो, सर? ज्याने चिठ्ठी पाठविली त्याला. चर्चेतला माणूस चर्चा करणाऱ्यांना थोडा तरी बांधील असतो. निदान त्याचे जुने बोलणे लोकांच्या लक्षात असते.” हा मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण ओबामांच्या बाबतीतही हेच घडले: सिनेटमधील त्यांच्या मतांवर पहिल्यापासून नजर राहिली, आणि मुदत पुरी करण्याचे त्यांचे वचन नंतर त्यांच्यासमोर पुन्हा ठेवले गेले. अकाली चर्चेचा हा एक अनपेक्षित लाभ आहे की तिच्यामुळे नवख्याची तपासणीही अकालीच सुरू होते.

अर्थात, तपासणी खरोखर होते का, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी काशीदइतके सोयीचे ठिकाण नाही. आदित्य ठाकरे यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी कॅबिनेट मंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्यांच्याकडे पर्यावरणाबरोबर पर्यटन खाते आले. जून २०२० मध्ये, म्हणजे निसर्ग चक्रीवादळाने ३ जूनला मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्यानंतर थोड्याच दिवसांत, राज्य मंत्रिमंडळाने कोकणातील आठ किनाऱ्यांवर चौपाटी-कुटी, म्हणजे ठरावीक मापाच्या, हंगामी स्वरूपाच्या खाद्यगृहांना परवानगी देण्याचे धोरण मंजूर केले. रायगड जिल्ह्यातून त्यात वरसोली आणि दिवेआगर हे किनारे होते. काशीद नव्हते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता अडतो अशा किनाऱ्याचे नाव यादीत का नाही, हा प्रश्न भावी मुख्यमंत्र्याला विचारण्याजोगा होता. सरांनी ताईंना तेच विचारले: तेव्हा काशीदमधून किती जणांनी विचारले? ताईंनी प्रामाणिकपणे सांगितले की वादळाने उडालेले पत्रे परत बसविण्यातच तो महिना गेला, आणि यादीची बातमी गावात पोहोचली तेव्हा तिचे फारसे कुणाला काही वाटले नाही. नाव घेणे आणि जाब विचारणे यांत अंतर आहे, हे त्यांनीही नाकारले नाही.

अंतुले यांच्या उदाहरणावर दोघांचे एकमत व्हावे अशी अपेक्षा असते, पण तसे होत नाही. म्हसळा तालुक्यातील आंबेतचे अंतुले १९६२ मध्ये विधानसभेत गेले आणि ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. मध्ये अठरा वर्षे गेली, त्यांत मंत्रिपद, राज्यसभा आणि पक्षसंघटनेतील काम होते. सरांना यात उमेदवारीचा, म्हणजे शिकाऊ काळाचा, आदर्श दिसतो: दीर्घकाळ खपलेला माणूस खुर्चीत बसला तेव्हा त्याला काय करायचे ते माहीत होते, म्हणूनच दीड वर्षांच्या कारकिर्दीत निराधारांसाठीची अनुदान योजना आली, जालना व सिंधुदुर्ग हे जिल्हे निर्माण झाले आणि कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ताईंना मात्र त्याच कारकिर्दीतील दुसरी गोष्ट आठवते. रेवस आणि करंजा यांना जोडून कोकणकिनाऱ्याला थेट मुंबईच्या जवळ आणणाऱ्या पुलाची कल्पना त्याच काळातली, आणि तो पूल पुढे चार दशके कागदावरच राहिला. “अठरा वर्षे तयारी केलेला, आपल्याच जिल्ह्यातला मुख्यमंत्री होता, तरी पूल झाला नाही. मग तयारीने काय होते आणि घाईने काय बिघडते, ते सांगा ना.” जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळून अलिबाग-मुरूड रस्ता तुटला आणि एकाचा जीव गेला, तो संदर्भ या वाक्यामागे आहे. सरांनी यावर दिलेले उत्तर काहीसे कोरडे आहे, पण ते चुकीचे नाही: पूल मुख्यमंत्र्याच्या गावावरून होत नाहीत, वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या आमदारामुळे होतात, आणि जो आमदार पहिल्या दिवसापासून वरच्या खुर्चीकडे डोळे लावून बसेल तो पुलाच्या फायलीमागे कशाला फिरेल?

या ठिकाणी प्रस्तुत लेखाचा कौल थोडा सरांकडे झुकतो. अलिबागचे प्रतिनिधित्व केलेले शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. तेव्हा त्यांचा पक्ष सत्तेच्या जवळपासही नव्हता, त्यामुळे त्यांना भावी मुख्यमंत्री म्हणण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, आणि तरीही त्यांचे सभागृहातील वजन कमी नव्हते. आमदाराच्या कामाचे मोल तो उद्या काय होईल यावरून करण्याच्या सवयीला हे वजन दिसत नाही. तिचा दुसरा दोष असा की ती आडनाव पाहून जडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या मुंबईतील कार्यालयाबाहेर पाठोपाठ जयंत पाटील, अजित पवार आणि सुप्रिया सुळे यांचे भावी मुख्यमंत्री म्हणून फलक लागले, तेव्हा तिघेही राजकीय घराण्यांतले होते. आडनाव नसलेल्या नवख्या आमदाराचा असा फलक कुणी लावत नाही. ओबामांच्या उदाहरणाशी महाराष्ट्राची तुलना खरी मोडते ती इथे, कारण त्यांच्या मागे ना घराणे होते ना वारसा. २०२४ मध्ये आदित्य ठाकरे वरळीतून पुन्हा निवडून आले तेव्हा त्यांचे मताधिक्य ८,८०१ वर आले होते. पक्षफूट, तिरंगी लढत आणि समोरचा उमेदवार ही त्याची कारणे असणारच. तरीही मतदाराने पाच वर्षांपूर्वीचा फलक डोक्यावर घेऊन मत दिले नाही, एवढे नक्की.

मात्र ताईंचा शेवटचा मुद्दा सरांना परतवता आला नाही. त्या म्हणाल्या की वाटाघाटीच्या खोलीत जी नावे आपोआप येतात त्यांच्यासाठी अकाली चर्चा अनावश्यक असेलही. पण जी नावे त्या खोलीत कधीच उच्चारली जात नाहीत त्यांच्यासाठी दुसरा दरवाजाच नाही. त्यांनी शेजारच्या श्रीवर्धनचे उदाहरण दिले. अदिती तटकरे २०१९ मध्ये तिथून पहिल्यांदा आमदार झाल्या, वर्ष संपण्यापूर्वी राज्यमंत्री झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये कॅबिनेट मंत्री झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये रायगडचे पालकमंत्रिपद त्यांना जाहीर होताच विरोध उसळला आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकीला स्थगिती मिळाली. जिल्ह्याच्या पालकमंत्रिपदापाशीच एवढा अडथळा, तर त्यापुढचे नाव कुणी घ्यायचे आणि कधी? सरांनी वारशाचा मुद्दा पुन्हा काढला, त्या राजकीय नेते सुनील तटकरे यांच्या कन्या आहेत हे सांगितले. ताईंनी तो मान्य करून गोव्याकडे बोट दाखविले: मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, वारसा होताच, पण मराठीचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने एका स्त्रीचे नाव घेण्याचे धैर्य तरी केले. “आपल्याकडे वारसा असूनही तेवढे झाले नाही, सर. निदान नाव तरी घेऊ द्या.”

सर यावर काही बोलले नाहीत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तेव्हापासून त्याच्या मुख्यमंत्रिपदी एकही स्त्री आलेली नाही.